हरिश्चंद्राच्या पायथ्याशी आपलं स्वागत



अकोले तालुक्यातल्या आम्हा यजमानांच्या वतीनं आपलं मनापासून स्वागत करतो. उद्या पहाटे आपण पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर जाणार आहात. त्या गडाविषयी दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळतोय, याचा आनंद आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले, त्यांतून हा डोंगर घडला. पश्चिमेला तो कोकणकड्याशी तुटतो. सकाळी ऊन पाठीशी आणि खाली दरीत धुकं असलं, की कड्यावरून वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. हेच ते इंद्रवज्र. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सनं ते पाहिल्याची नोंद आहे. आमच्या गुराख्यांनी ते किती पिढ्या आधी पाहिलं असेल!

मंगळगंगेकाठी हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आहे. इथंच चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इ.स. १३१२ मध्ये, ‘तत्त्वसार’ पूर्ण केलं. शेजारी केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या गार पाण्यात भलंमोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, असं इथं सांगतात.

पण मला जास्त बोलायचंय ते कारवीबद्दल. आमच्या महादेव कोळी वाड्यांवरची घरं पिढ्यान्‌पिढ्या तिच्या कुडांवर उभी राहिली. काठ्या ओळीनं बांधायच्या आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तंबूला जागा हवी म्हणून सहाव्या वर्षी कुणी ती छाटली, तर ते झुडूप न फुलताच संपतं. माझ्या लेखी हे देवळाची शिळा फोडण्याइतकंच वाईट आहे. १९८६ पासून हा परिसर अभयारण्य आहे. पण केवळ कायद्यानं कारवी वाचणार नाही.

म्हणून यजमान या नात्यानं हक्कानं सांगतो : उद्या मळलेली वाट सोडू नका, वाटाड्या पाचनईचाच घ्या, भाकरीही तिथल्याच घरी खा आणि वर नेलेलं प्लॅस्टिक खाली आणा. खाली आलात की आमच्या स्वयंसेवकांकडे ते जमा करा.