जमिनीखालची गळती आणि विहिरीची साक्ष



कामगार चळवळीतल्या माणसाने भूगर्भातील पाण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कामगारांच्या तक्रारींनी शिकवले. आजचा विषयही अशाच एका तक्रारीतून माझ्याकडे आला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी याच भागात एका वाहतूक ठेकेदाराच्या आवारात ट्रकसाठी डिझेलची टाकी पुरलेली होती. तेथील मदतनीस रोज सकाळी टाकीत काठी घालून माप घेई आणि वहीत लिही. वहीतला साठा आणि काठीवरचे माप यांत रोज थोडी तूट येऊ लागली. ठेकेदार म्हणाला, चोरी आहे. मी मध्ये पडलो आणि तडजोड केली. नोकरी वाचली, तूट मात्र पगारातून कापली गेली. पुढल्या उन्हाळ्यात मागच्या विहिरीच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. चोर टाकीच्या बुडाशी होता. ती वही मी तेव्हा चोरीचा पुरावा म्हणून वाचली. ती गळतीचा पुरावा होती, हे मला वाचता आले नाही. त्या माणसाची माफी मागितली, पण विहीर काही माफी मागून शुद्ध होत नाही.

अशी गळती कोठेही होते. चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ साली कूपनलिकेच्या पाण्यात इंधन आढळले. गोव्यात दाभोळीजवळ माटवे येथे २०२४ च्या जानेवारीत विहिरींच्या पाण्यात इंधन आले. अमेरिकेने पुरलेल्या टाक्यांसाठी १९८४ साली कायदा केला आणि तेव्हापासून तेथे पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या जानेवारीत नव्या पेट्रोल पंपांसाठी शाळा, दवाखाने व वस्ती यांपासून ५० मीटर अंतराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण अंतर ठरवल्याने जुनी टाकी गळायची थांबत नाही.

मग पाळत कशी ठेवावयाची? पेट्रोल, डिझेल पाण्याहून हलके. ते मातीतून झिरपत पाण्याच्या पातळीपर्यंत जाते आणि वर तरंगते. त्यातील बेन्झिनसारखा अंश मात्र पाण्यात विरघळून पाण्याबरोबर वाहतो. म्हणून टाकीभोवती निरीक्षण विहिरी खोदतात. त्या निदान तीन हव्यात, कारण तीन ठिकाणची पातळी एकाच मापाने मोजली म्हणजे भूजलाचा उतार कळतो. एक विहीर उताराच्या वरच्या अंगाला, ताडून पाहण्यासाठी. बाकीच्या खालच्या अंगाला. विहिरीची जाळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे असावी, नाहीतर तवंग विहिरीत येणारच नाही. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यावा. बाटलीत हवा राहिली तर बेन्झिन तिच्यात उडून जाते आणि कागदावर पाणी शुद्ध ठरते.

एकदा मोजून भागत नाही. वैशाखात पातळी खाली जाते तेव्हा तेल तिच्याबरोबर उतरून मातीला माखते. पावसाळ्यात पाणी वर चढते आणि ते तेल खाली अडकून पडते. तवंग नाहीसा होतो, तेल नाहीसे होत नाही! म्हणून दोन्ही ऋतूंत, आणि वर्षानुवर्षे मोजावयास हवे.

आपल्या गडचांदूरचा प्रश्न आणखी अवघड आहे. ज्या चुनखडीवर येथील सिमेंटचे कारखाने उभे राहिले, तीच चुनखडी आपल्या पायाखाली आहे. तिच्या भेगांतून पाणी नेईल तिकडे विष जाते. जवळची विहीर निर्मळ आणि दूरची बाधित, असेही घडते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळतात. जमिनीतले जीवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात प्राणवायू संपतो, आणि बेन्झिन अधिक काळ टिकते.

कोणी म्हणेल, वास आला की कळेल. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेन्झिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. नाकाला वास येतो तो याच्या कितीतरी पट प्रमाणात. बेन्झिनने रक्ताचा कर्करोग होतो. तेव्हा नाकाच्या भरवशावर पाणी पिऊ नये.

माझ्या तीन मागण्या आहेत. टाकीच्या मापाच्या वहीवर मालक आणि कामगार या दोघांच्या सह्या रोज व्हाव्यात. सतत तूट येत असेल तर पगाराला हात लावण्यापूर्वी टाकी तपासावी. आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे मराठीत, नगर परिषदेच्या फलकावर लागावेत, म्हणजे पाणी भरणाऱ्या बाईला ते वाचता येतील.

वही खरे बोलत होती. वाचणारा मी कच्चा होतो. आपण तसे राहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.