सात हजार डॉलरचे कालयंत्र
(वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



आमच्या अभ्यासवर्गातील मुले-मुली आम्हाला वारंवार एक प्रश्न विचारतात. "आम्हाला चित्रपट काढायचा आहे, पण पैसा कोठून आणायचा?" चित्रपट हा पैसेवाल्यांचा धंदा, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. ही समजूत आपल्या मुलांना दारातूनच परत पाठवते. म्हणूनच आज आम्ही मुद्दाम अशा चित्रपटांविषयी बोलणार आहोत, जे फार खर्चिक समजले जातात. काळात मागे-पुढे जाणाऱ्या माणसांचे चित्रपट!

पहिले उदाहरण फ्रान्सचे. ख्रिस मार्कर यांनी १९६२ साली 'ला जेते' हा सुमारे २८ मिनिटांचा चित्रपट केला. महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त पॅरिसमधून एका कैद्याला भूतकाळात पाठवले जाते, ही त्याची कथा. हा जवळजवळ संपूर्ण चित्रपट स्थिर छायाचित्रांचा आहे. छायाचित्रे, निवेदकाचा आवाज आणि संगीत, बस्स. एकाच ठिकाणी, झोपलेली स्त्री डोळे उघडते तेव्हा, क्षणभर चित्र हलते. तेवढ्यानेच पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. याच कथेवरून पुढे १९९५ साली हॉलिवूडने 'ट्वेल्व्ह मंकीज' हा मोठा चित्रपट काढला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील डॅलस शहराचे. शेन कॅरुथ हा गणित शिकलेला, पूर्वी सॉफ्टवेअरचे काम करणारा तरुण. त्याने 'प्रायमर' हा ७७ मिनिटांचा चित्रपट सुमारे ७,००० डॉलरमध्ये पूर्ण केला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिका, सारे त्यानेच केले. मित्र आणि घरचे लोक मदतीला होते. फिल्म महाग, म्हणून प्रत्येक दृश्य आधी कागदावर आणि स्थिर छायाचित्रांत ठरवले आणि शक्यतो एकदाच चित्रित केले. त्यातले कालयंत्र म्हणजे एक साधी पेटी. सहा तास मागे जायचे असेल, तर त्या पेटीत सहा तास बसून राहावे लागते! विजेचे लोळ नाहीत, उडती वाहने नाहीत. नियम मात्र पक्का आहे आणि त्या नियमातूनच दोन मित्रांमधला विश्वास कसा तुटत जातो ते दिसते. २००४ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार याच चित्रपटाला मिळाला.

तिसरे उदाहरण जपानच्या क्योतो शहरातले, २०२० सालचे. युरोप किकाकू या नाटकमंडळीने एका कॅफेत आणि त्याच इमारतीत, मोबाईल फोनवर ७० मिनिटांचा चित्रपट केला. दिग्दर्शक जुंता यामागुची. वरच्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर दोन मिनिटांनंतरचे दिसते, एवढीच कल्पना. पण नाटकवाल्यांची तालीम इतकी कसून झालेली, की सारा चित्रपट एका दमात चित्रित केल्यासारखा वाटतो.

बंधू-भगिनींनो, या तिघांनी जे साधन नव्हते त्याबद्दल रडगाणे गायले नाही. जे हाताशी होते त्यालाच कथेचा नियम केले. छायाचित्रे होती, म्हणून आठवणींची कथा. गॅरेज होते, म्हणून पेटीची. कॅफे होता, म्हणून दोन मिनिटांची.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सात हजार डॉलर हा पूर्ण हिशेब नव्हे. 'प्रायमर'च्या चित्रीकरणानंतर संकलनालाच सुमारे दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांची मजुरी त्या आकड्यात नाही. ज्याच्या घरात एकाच पगारावर सहा तोंडे आहेत, त्या मुलाने दोन वर्षे कोठून आणायची? कमी खर्चाचा चित्रपट म्हणजे बहुधा कोणीतरी फुकट केलेले श्रम असतात. हे श्रम एकट्याच्या माथी मारू नयेत. कोणी सभागृह द्यावे, कोणी दोन वेळचे जेवण, कोणी सुटीच्या दिवशी आपला संगणक. फुकट श्रम वाटून घेतले, तर त्यांचे सहकार्य होते.

दुसरा प्रश्न चित्रपट लोकांपर्यंत नेण्याचा. 'प्रायमर' अमेरिकेच्या चित्रपटगृहांत लागला आणि त्याने चार लाख डॉलरहून अधिक गल्ला केला. हे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. पण आज इंटरनेटवर चित्रपट ठेवता येतो. लोकांनी तो मोकळेपणाने वाटावा असे वाटत असेल, तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. नाव माझे ठेवा, वाटायचे तर वाटा, असे निर्मात्याला त्यातून सांगता येते. जिथे असा परवाना नाही, तिथे परवानगी मागावी. मोठ्या कंपनीचे चोरून पाहिले तर काय बिघडते, असे म्हणणारा उद्या आपल्याच वस्तीतल्या मुलीचा चित्रपटही चोरून पाहील. आणि आपल्या देशात जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते, हेही आधीच ध्यानात ठेवावे.

म्हणून आमची विनंती एवढीच. येत्या वर्षी आपल्या मुला-मुलींनी दहा मिनिटांची एक कथा लिहावी. एक खोली, दोन माणसे, एक फोन. काळात मागे जायचे तर कोठे जायचे, कोणाला भेटायचे, काय विचारायचे, हे आपल्या मुलांना कोणी शिकवायला नको. त्यांच्या आजी-आजोबांकडे असे कितीतरी दिवस आहेत, जे कोणत्याही कॅमेऱ्याने टिपले नाहीत. चित्रपट तयार झाला, की पहिला खेळ याच सभागृहात, याच सतरंजीवर बसून पाहू.