पुलाच्या थरथरीतून वीज



"कॉम्प्युटरवर दिवसभर करतेस तरी काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून माझ्या आवडीचा एक विषय सांगते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पूल उरला नाही, हे आपोआप कळवणारं तिथे काही नव्हतं.

पुलावर सेन्सर बसवता येतो. अडचण बॅटरीची. पुलाच्या पोटाशी लटकून ती बदलत कोण बसणार? म्हणून गाड्यांच्या थरथरीतूनच वीज काढायची. लवचीक पात्याच्या टोकाला चुंबक, शेजारी तारेचं वेटोळं. चुंबक हलला की तारेत वीज येते. फॅरेडेने हे १८३१ मध्ये दाखवलं आणि आपण याच शाळेत शिकलो.

पण पातं झोक्यासारखं असतं. ठरावीक तालावर धक्का मिळाला तरच जोरात हलतं. ट्रकचा ताल वेगळा, ट्रॅक्टरचा वेगळा. उपाय असा, की समोर दुसरा चुंबक सारखा ध्रुव करून ठेवायचा. मग पातं मधे थांबत नाही, डावीकडे किंवा उजवीकडे कलतं. पुरेसा धक्का बसला की पलीकडे उडी मारतं आणि जास्त वीज देतं. ताल नेमका जुळायची गरज उरत नाही. इटलीतल्या पेरुजाच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. चुंबक फार जवळ आणले तर मात्र पातं एकाच बाजूला अडकतं. म्हणून काही जण दोन पाती चुंबकांनी जोडतात. अंतर जमलं, तर एकाच्या हालचालीने दुसऱ्याची उडी सोपी होते.

मिळणारी वीज मिलिवॅटच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. मोबाइलच्या चार्जरला हजारो पट लागते. त्यात पुराच्या रात्री वाहतूक बंद असली, तर थरथरही नाही. म्हणून आधीची वीज साठवायची आणि सॉफ्टवेअरने बहुतेक वेळ झोपून राहायचं. ठरल्या वेळी उठून एवढंच सांगायचं: "मी आहे." हा निरोप आला नाही, की समजायचं, काहीतरी बिघडलं.

पण त्यानंतर रस्ता अडवायला माणूसच धावावा लागतो. आपल्यातले कुणी बांधकाम खात्यात असतील, कुणी पोलिसात, कुणी एसटीत. पेढी आणि पूर्णेवरच्या पुलांवरून आपलीच लेकरं जातात. निरोप पाठवायचं काम आम्ही करू, धावायचं तुम्ही करा.