पाककला स्पर्धा आणि चष्मा-निधी
(पालक सभेत केलेले भाषण)



येत्या हिवाळ्यात शाळेच्या पटांगणावर पाककला स्पर्धा भरवावी आणि तिच्या उत्पन्नातून गरजू विद्यार्थ्यांसाठी चष्मा-निधी उभा करावा, अशी सूचना आली आहे. तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

चष्माच का? मागच्या बाकावरचा मुलगा डोळे बारीक करून फळ्याकडे पाहतो, मग नाद सोडतो आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेऊ लागतो. त्याच्यावर नक्कल करणारा म्हणून शिक्का बसतो. दोष बुद्धीत नसतो, नजरेत असतो. लांबचे न दिसण्याचा हा दोष शाळेच्या वयात बहुधा वाढत जातो, नंबर बदलतो, म्हणून एकदा चष्मा देऊन भागत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुलांची तपासणी होते. ती सोय आधी घ्यावी. जे तीतून सुटतील किंवा ज्यांना वाट पाहावी लागेल, त्यांच्यासाठी आपला निधी.

मनोरंजनातून शिक्षणासाठी पैसा जमवावा की नाही, अशी शंका एका वडीलधाऱ्यांनी काढली. अलीगढच्या शिक्षणसंस्थेसाठी सर सय्यद अहमद खान स्वतः रंगमंचावर उभे राहिले होते, एवढेच मी अदबीने सांगतो. आपल्याला तर फक्त चुलीपुढे उभे राहायचे आहे.

आता हिशेब पाहू. समजा, २० स्पर्धक आले आणि प्रत्येकाने १० ताटल्यांपुरता पदार्थ केला. ताटलीला ५० रुपये धरले तर १०,००० रुपये जमतात. सामानासाठी प्रत्येकी २०० रुपये दिले तर ४,००० गेले. गॅस, पाणी, पत्रावळी यांचे १,५०० धरा. उरले ४,५००. यातून मंडप, ध्वनिक्षेपक, रंगीत फलक आणि पाहुण्यांच्या शाली काढल्या की चष्म्याची काडीसुद्धा हाती लागणार नाही! म्हणून मंडप नको, वडाची सावली पुरे. पाहुण्यांना गुलाबाचे फूल द्यावे. बक्षिसे दुकानदार बांधवांनी वस्तुरूपाने द्यावीत.

सामानाचा खर्च स्पर्धकांवरच टाकावा, असेही कोणी म्हणाले. मला ते पटत नाही. मग ज्यांच्या घरी मटण सहज येते त्यांचीच बिर्याणी जिंकेल आणि ज्या भगिनी मूठभर जवळ्यात घर जेवू घालतात त्या घरीच राहतील. खरे आव्हान हेच असावे की २०० रुपयांत आणि एका तासात १० माणसांच्या चवीपुरते कोण रांधतो! सांदणाचे पीठ फुगायला वेळ लागतो, तेव्हा ते घरून आणण्यास मुभा ठेवावी. आणि हो, नावे केवळ भगिनींचीच नकोत. वडिलांनी आणि मोठ्या मुलांनीही उतरावे. परदेशी नोकरीला गेलेले आपले कितीतरी बांधव तिथे स्वतःच रांधतात. सुट्टीवर आले की मात्र त्यांना पाण्याचा पेलाही हातात लागतो.

परीक्षकांपुढे ताटल्या नावाने न जाता क्रमांकाने जाव्यात. गुण असे ठेवावेत: चवीला ४०, काटकसरीला ३०, स्वच्छतेला २०, मांडणीला १०. खाणाऱ्यांचे मतही घ्यावे, पण त्याचे बक्षीस वेगळे. नाहीतर ज्याचे नातलग जास्त तो पहिला, हे आपण ओळखूनच आहोत.

एका बाबतीत मात्र हयगय नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून शेगड्या बंद वर्गात न मांडता उघड्यावर मांडाव्यात, सिलिंडर उभे ठेवावेत, वाळूच्या बादल्या आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी असावे. लहान मुलांना दोरीच्या आत येऊ देऊ नये. शिजलेला भात तासन्‌तास तसाच ठेवला तर बाधतो, तेव्हा रांधले की गरम असतानाच वाढावे. आणि तारीख रमजानच्या बाहेरची हवी, हे सांगायला नकोच. परीक्षक चव कशी घेणार?

निधीत येणारा पैसा जकातीच्या पैशात मिसळू नये. जकात कोणाला द्यावी याचे आठ प्रकार ठरलेले आहेत. तिच्यातून शेगडीचे भाडे देता येत नाही. कोणी या वेळी जकात देऊ केली तर तिची पावती आणि वही वेगळी असावी. तिकिटांच्या पैशांची मोजणी त्याच संध्याकाळी तीन पालकांसमोर व्हावी आणि जमाखर्च दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागावा. मोबाईलवरून आलेली रक्कमही संस्थेच्याच खात्यात जावी, कोणा कार्यकर्त्याच्या नव्हे.

फलकावर मुलांची नावे मात्र लागणार नाहीत. व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून चष्मा देणे मला मान्य नाही. वर्गशिक्षकांनी यादी करावी, पालकाला एकट्याला बोलावून चिठ्ठी द्यावी, आणि मुलगा सोमवारी इतरांसारखाच वर्गात येऊन बसावा.

स्पर्धकांनी आपली नावे पुढील शुक्रवारपर्यंत शाळेच्या कार्यालयात नोंदवावीत. ताटल्या धुण्यासाठी नववीच्या मुलांची नावे मी आधीच लिहून घेतली आहेत. दहावीच्या मुलांची वाट पाहत आहे.