देवराईचा हिशेब



जंगलाचा हिशेब आपल्याकडे फार दिवस घनफुटांत मांडला गेला. साग किती, त्याला भाव काय, वखारीत तो कधी पोचणार, एवढे कळले की जंगल कळले, अशी समजूत. आज आम्ही वेगळ्या हिशेबाविषयी बोलणार आहोत, आणि त्यासाठी आपणांस श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावी नेणार आहोत.

१९८१ पर्यंत हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ सह्याद्रीतल्या देवराया पाहत हिंडत होते. गाणी गावची राई तोडली जाणार असे दिसताच गावकऱ्यांनी त्यांना साकडे घातले. त्यांच्या म्हणण्यात जितकी देवी होती तितकेच पाणी होते. गावचा ओहोळ ह्या राईतून निघतो. राई गेली की तोही जाईल, असे ते सांगत. राई वाचली.

ही नुसती भाबडी श्रद्धा होती काय? झाडे पाणी निर्माण करीत नाहीत. उलट पुष्कळ पितात, हे प्रथमच मान्य करू. परंतु कोकणातला पाऊस उघड्या उतारावर पडला की माती घेऊन तडक खाडी गाठतो. राईत तो आधी पानांवर फुटतो, मग पाचोळ्यावर झिरपतो. त्याखालची माती मुळ्यांनी, गांडुळांनी, वाळवीने भुसभुशीत केलेली असते. तीत मुरलेले पाणी पुढे सावकाश झऱ्याला येते.

आणि राईत एकाच जातीची झाडे नसतात. उंबराचेच पाहा. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आत त्याची फुले दडलेली असतात, आणि त्यांचे परागीभवन एक चिमुकली गांधीलमाशी करते. ती माशी नाही तर बी नाही. उंबर नाही तर माशीला घर नाही. उंबरावर धनेश येतो. कोकणात ह्याला गरुडही म्हणतात. जुन्या बेहड्याच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते आणि तीन-चार महिने नर फटीतून तिला फळे भरवतो. त्याच फळांच्या बिया रानभर पसरतात. आता घनफुटांच्या हिशेबात त्या पोकळ बेहड्याची किंमत किती? जळणाइतकी! धनेशाला मात्र धडधाकट पण ढोली नसलेली शंभर झाडे दिली तरी संसार मांडता येत नाही.

म्हणून तोडलेल्या राईच्या जागी ऑस्ट्रेलियन बाभळीच्या ओळी उभ्या केल्या, तर लांबून डोंगर हिरवा दिसेल, एवढेच. गारंबीची मांडीएवढी वेल तिथे कोठून येणार?

आज देवराईवर कुऱ्हाड पुष्कळदा देवाच्याच नावाने पडते. कौलारू देऊळ पाडून सिमेंटचे बांधायचे, सभामंडप करायचा, गाडी दारापर्यंत न्यायची. खर्चासाठी झाडे विकायची. जीर्णोद्धाराची पावतीपुस्तके पुण्या-मुंबईच्या चाकरमान्यांकडे येतात, म्हणजे ह्या सभागृहातही आली असतील. पैसे जरूर द्यावेत. फक्त देण्यापूर्वी विचारावे, मंडपाच्या जागी सध्या कोणती झाडे आहेत आणि त्यांचे काय ठरले आहे?