स्वस्तातली तांबडी वाइन आणि आपली जीभ

(वर्धा जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या कागदावर माझ्या नावापुढे विषय छापला आहे, 'जगातल्या स्वस्त रेड वाइनची चव'. तो वाचून पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी मला भाषणाआधीच गाठलं. म्हणाल्या, "भाऊ, दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आम्ही रात्र-रात्र त्याच्या दारात बसलो, अन् तुम्ही इथं दारूचंच कीर्तन लावता का?"

मावशींचा प्रश्न रास्त आहे. आधी त्याचंच उत्तर देतो. माझ्या सख्ख्या काकांचे चार एकर मोहाच्या दारूत गेले. काकूने पुढची वीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. त्यामुळे दारूचं गुणगान माझ्या तोंडून होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे की मद्याची निर्धोक म्हणावी अशी मात्राच नाही. वाइन हेही मद्यच, त्यात शंभरात बारा ते पंधरा भाग अल्कोहोल असतो. जो पीत नाही त्याने माझं ऐकून सुरू करू नये. ज्याला सवय जडली आहे त्याच्यासाठी तर हे भाषण नाहीच. शिवाय आपला जिल्हा दारूबंदीचा. इथे एकही बाटली आणलेली नाही. मागे काय मांडून ठेवलं आहे ते शेवटी सांगतो.

मग हा विषय का? पंचवीस वर्षांपूर्वी मी शिक्षणाच्या निमित्ताने दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिये गावी दोन वर्षं राहिलो. तिथे जी स्वस्त वाइन पिकते ती बहुतेक आपल्यासारख्याच छोट्या शेतकऱ्यांची. गावाची सोसायटी असते. मेंबर द्राक्षं आणून घालतात आणि सोसायटी वाइन करते. गावकरी प्लॅस्टिकचा कॅन घेऊन येतात. पेट्रोल पंपावर असते तशी नळी असते, ती कॅनमध्ये सोडायची, आकडा फिरतो, पैसे द्यायचे. मी होतो तेव्हा लिटरला दीड-दोन युरो पडायचे. पहिल्या दिवशी तिथल्या एका म्हाताऱ्या मेंबराने मला पेला दिला. मी घटाघट प्यायलो. तो हसला आणि कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. चव घ्यायची आणि थुंकायचं. शिकणारा माणूस आधी थुंकायला शिकतो. दिवसाला पन्नास वाइन चाखणारे लोक संध्याकाळी सरळ चालत घरी जातात, ते यामुळेच.

मला तिथे सर्वांत जास्त काय खटकलं सांगू? तो म्हातारा आपल्या मालाची चव शब्दांत सांगू शकत होता. व्यापारी आला आणि म्हणाला, यंदाचा माल हलका आहे, तर हा पेला उचलायचा आणि म्हणायचा, हलका कुठे आहे ते दाखव. एकाधिकार खरेदीच्या काळात माझे वडील कापसाची गाडी घेऊन केंद्रावर रात्र काढायचे. सकाळी ग्रेडर मुठीत कापूस घ्यायचा, चार तंतू ओढायचा आणि प्रत सांगायचा. वडील गप्प. पऱ्हाटी त्यांनी वाढवली, बोंड त्यांनी पाहिलं, आणि प्रतीचे शब्द मात्र दुसऱ्याच्या तोंडात.

आता तुम्ही म्हणाल, वाइनची चव हे साहेबलोकांचं काम, आपली जीभ काय सांगणार? मी म्हणतो, डोळे मिटून भाकरीचा तुकडा तोंडात टाकला तर गावरान ज्वारी कोणती आणि संकरित कोणती, हे इथली प्रत्येक बाई सांगेल. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आलं. पीक वाढलं हे खरं, पण भाकरी खाताना आपल्या मायबहिणींना फरक कळला. तो कुठल्या प्रयोगशाळेने सांगितला नव्हता.

आणि ज्यांना साहेब समजता त्यांची गोष्ट ऐका. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण तिच्यात बिनवासाचा तांबडा रंग मिसळून. पोरांनी वर्णनात शब्द वापरले ते बहुतेक तांबड्या वाइनचे. जीभ नव्हे, डोळा बोलत होता. २००८ साली अमेरिकेत सहा हजारांहून अधिक वेळा झाकल्या बाटल्यांची चव घेतल्याचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांचं शिक्षण झालेलं नाही अशा लोकांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. म्हणजे किमतीची चिठ्ठी झाकली की स्वस्त बाटलीला न्याय मिळतो.

तर चव घ्यायची कशी? बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच असतो. रंग असतो सालीत. रस सालीसकट आंबवला की वाइन तांबडी होते, आणि सालीतून, बियांतून आणखी एक गोष्ट उतरते, तुरटपणा. इथे आपण युरोपवाल्यांच्या पुढे आहोत. ते चवी मोजतात तेव्हा तुरट धरतच नाहीत. तोंडाला होणारा स्पर्श म्हणतात आणि वर्गात त्यावर तासभर बोलतात. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सहा चवी पाठ, आणि तुरट म्हणजे काय हे जांभूळ, कात, हिरडा खाऊन ठाऊक. तांबड्या वाइनची निम्मी परीक्षा या एका शब्दात आहे. तुरटपणा जांभळासारखा जिभेवर पसरून विरतो, की कच्च्या केळ्यासारखा टाळ्याला चिकटून बसतो? विरत असेल तर माल पिकलेला. चिकटत असेल तर द्राक्षं कच्ची तोडली किंवा चोथा जास्त पिळला.

आधी बघायचं. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरा. कडेला जांभळी झाक असेल तर वाइन नवी, विटकरी असेल तर जुनी. स्वस्त वाइन ठेवून सुधारत नाही, वर्ष-दोन वर्षांत संपवायची असते. मग पेला फिरवून वास. ओल्या पोत्याचा, कुबट पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलं. भिजलेल्या कडब्याचा वास ओळखणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. आंबूस शिरक्याचा वास आला तर हवा लागली. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, त्यात बुचाचा दोष येतच नाही. मग घोट. तो तोंडात घोळवायचा. आंबटपणा जिभेच्या कडांना लागून तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. थुंकल्यावर मनात आकडे मोजा. चव दोन-तीन आकड्यांत गेली तर पाणचट, दहाच्या पुढे राहिली तर स्वस्त असो की महाग, माल चांगला.

एक फसवणूक सांगून ठेवतो. युरोपात २००६ पासून वाइनमध्ये ओकच्या लाकडाचे तुकडे टाकायला परवानगी आहे. महागड्या पिंपाचा वास त्यातून स्वस्तात येतो. पहिल्या घोटाला व्हॅनिलाच्या आइस्क्रीमसारखा दरवळ, थोडी साखर, आणि मागे काहीच नाही, असं असलं की समजायचं, पावडर लावून उभी केली आहे.

आता कोणती घ्यायची? मला विचाराल तर कोरडवाहूची. स्पेनमध्ये आग्नेयेला हुमिया नावाचा भाग आहे. पाऊस वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर. आपल्याकडे एवढा पडला तर दुष्काळ जाहीर करा म्हणून मोर्चा निघेल. तिथे मोनास्त्रेल जातीची द्राक्षं होतात. मांडव नाही, तारा नाहीत. वेल गुडघाभर उंच, झुडपासारखी छाटलेली, दोन-अडीच मीटरवर एकेक, म्हणजे प्रत्येकीला आपल्या वाट्याची ओल मिळते. पानांची सावली घडावर आणि बुडख्यावर. स्पेनमध्ये १९९६ पर्यंत द्राक्षवेलींना पाणी द्यायला कायद्यानेच मनाई होती. ओलिताच्या मानाने उतारा अगदीच कमी, पण मणी बारीक, साल जाड, आणि रंग, चव सगळी सालीत. फायलोक्सेरा ही माव्याच्या गोत्रातली मुळं खाणारी कीड एकोणिसाव्या शतकात निम्मं युरोप फस्त करून गेली. हुमियात ती पोचली १९८९ साली. रेताड जमिनीतल्या काही जुन्या वेली तिच्यातूनही वाचल्या, त्या अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. या वाइनला पिकल्या करवंदाचा, उन्हात तापलेल्या मातीचा वास येतो. ती स्वस्त आहे कारण हुमियाचं नाव मोठं नाही. मालात खोट आहे म्हणून नव्हे. आरागॉनमधली गार्नाचा आणि दक्षिण फ्रान्सच्या टेकड्यांवरची जुनी कारिन्याँ, यांचंही तसंच.

चिलीची गोष्ट बियाणं विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. तिथले लोक वर्षानुवर्षं मर्लो म्हणून जी द्राक्षं लावत होते, त्यांत एक दुसरीच जात मिसळलेली होती. १९९४ साली बुर्सिको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेल बघून सांगितलं, ही कार्मेनेर आहे. फ्रान्समध्ये ती जवळपास विसरली गेली होती. ती मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकते. दोन्ही एकदम तोडली की ही कच्चीच राहायची आणि वाइनला ढोबळ्या मिरचीचा वास यायचा. नाव कळलं, वेगळी पिकू दिली, आणि तीच वाइन मऊ, मसालेदार झाली. आजही स्वस्त कार्मेनेरमध्ये हिरव्या मिरचीचा वास जोरात आला तर तोडणीची घाई झाली असं धरून चाला.

अर्जेंटिनाची माल्बेक सर्वांना आवडते, गोलसर, कमी तुरट. पण मेंडोसात पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, तिथे अँडीजच्या बर्फाचं पाणी कालव्याने येतं. चांगली वाइन, पण ते ओलीत झालं. आपल्या नाशिकच्या बाजूलाही शिराझ, काबेर्ने होते. फ्रान्सची, स्पेनची बाटली मात्र शुल्क आणि कर चढून इथे येते तेव्हा स्वस्त राहत नाही. तिची मजा तिथेच. तुमची पोरं शिकायला, नोकरीला तिकडे जातात, त्यांना हे सांगा.

पिताना एक चूक सगळे करतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली युरोपातली, दगडी भिंतींची, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या सल्ल्याने वाइनचा काढा होतो. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. आणि ठेच्याबरोबर तुरट वाइन घेऊ नका, तिखट आणि तुरट एकमेकांना चिथावतात. मटणाबरोबर ती मवाळ होते.

आता स्वस्ताई कोणाच्या खिशातून येते, हे विचारल्याशिवाय आपल्या बैठकीत कुठला विषय संपत नाही. मी राहिलो त्याच मुलखात १९०७ साली भाव कोसळले होते. माल जास्त झाला होता हे एक, आणि पिळलेल्या चोथ्यावर साखर-पाणी घालून खोटी वाइन बाजारात लोटली जात होती, हे दुसरं. मार्सेलँ आल्बेर नावाचा एक छोटा बागायतदार, गावात चहा-कॉफीचं दुकान चालवणारा, ११ मार्चला ८७ जणांना घेऊन निघाला. ९ जूनला माँपेलियेत पाच लाखांवर माणसं जमली. नार्बोनला गोळीबार झाला, माणसं मेली. गोळीबारानंतर सतराव्या पलटणीच्या शिपायांनी, जे त्याच भागातले होते, बंड केलं. २९ जूनला भेसळीविरुद्धचा कायदा झाला. आल्बेर पंतप्रधान क्लेमांसोला भेटायला गेला, त्याने परतीच्या भाड्याला शंभर फ्रँक दिले, याने घेतले. क्लेमांसोने ते वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, आणि माणूस आपल्याच लोकांत उठून गेला. कार्यकर्त्यांनी हा भाग दोनदा ऐकावा.

भाव अजून पडतातच. २०२३ साली फ्रान्स सरकारने २० कोटी युरो काढले, ते नको झालेली वाइन आटवून कारखान्यांसाठी अल्कोहोल करायला. म्हणून अतिस्वस्त बाटली हातात आली की मी मागची चिठ्ठी वाचतो. गावाचं, सोसायटीचं नाव असेल तर घेतो. नुसतं व्यापाऱ्याचं नाव आणि पुढे चकचकीत चित्र असेल तर ठेवून देतो. दरवेळी हे बरोबरच येतं असं नाही, पण बहुधा येतं.

बरं, मागे टेबलावर पाच किटल्या आहेत. कोरा चहा आहे. एकीत चहाची पत्ती कमी, एकीत जास्त उकळलेली, एकीत लिंबू, एकीत गूळ, आणि शेवटचीत त्याच कडक चहात दूध, म्हणजे दुधाने तुरटपणा कसा बांधला जातो ते जिभेला कळेल. किटल्यांवर आकडे आहेत, नावं नाहीत. घोट घ्या, घोळवा, खाली बादली ठेवली आहे. कागदावर आपापल्या शब्दांत लिहा, शेजाऱ्याचं बघू नका. मायबहिणी आधी जातील. मावशी, पहिला पेला तुमचा.