हसतमुख श्रमाची किंमत

(कळंबा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कोल्हापूरला विमान नवे नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1939 साली, उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला. त्यानंतर मात्र त्याची धावपट्टी कधी जागी तर कधी झोपलेली, अशी कित्येक दशके गेली. 2018 पासून नियमित वाहतूक पुन्हा सुरू झाली आणि मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. कळंब्याच्या तळ्याकाठी फिरणाऱ्या तरुण मुलामुलींच्या डोक्यावरून विमान जाते, तेव्हा त्यातील काहींच्या मनात तिकिटाचा नव्हे तर नोकरीचा विचार येतो. एका पिढीपूर्वी ज्या घरातून मुलगी परिचारिका किंवा शिक्षिका होत असे, त्या घरातील मुलगी आज हवाई सुंदरी होण्याचे स्वप्न पाहते. या स्वप्नाची थट्टा करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. त्यामागे श्रमाचा कोणता व्यवहार आहे, हे समजून घेणे आणि समजावून देणे हे त्याचे काम आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. बस चालवणाऱ्यास चालक म्हणतात, तिकीट देणाऱ्यास वाहक म्हणतात, रुग्णाची सेवा करणारीस परिचारिका म्हणतात. ही सर्व नावे कामावरून पडली. विमानातील कर्मचारी स्त्रीला मात्र मराठीने ‘सुंदरी’ म्हटले. म्हणजे तिचे नाव कामावरून न पडता रूपावरून पडले. वस्तुतः या पेशाचा प्रारंभ निराळा आहे. 15 मे 1930 रोजी अमेरिकेत एलन चर्च ही पहिली विमान-परिचारिका कामावर रुजू झाली. ती शिक्षणाने नर्स होती आणि भेदरलेल्या प्रवाशांना धीर देणे हे तिचे काम होते. आजही कायद्याच्या दृष्टीने विमानातील कर्मचारी चहा देण्यासाठी नसतात. आपल्याकडील नियमानुसार साधारणतः दर 50 आसनांमागे एक कर्मचारी असावा लागतो, तो सुरक्षेसाठी. विमानाची निम्मी दारे बंद आहेत असे धरून 90 सेकंदांत सर्वांना बाहेर काढता आले पाहिजे, या कसोटीवर मोठी प्रवासी विमाने प्रमाणित होतात. ते काम या कर्मचाऱ्यांचे असते.

5 सप्टेंबर 1986 रोजी कराचीच्या विमानतळावर पॅन अॅमच्या विमानाचे अपहरण झाले. तेव्हा नीरजा भनोत या वरिष्ठ कर्मचारी तरुणीने प्रवाशांना वाचवताना प्राण दिले. तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. तिला मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. 12 जून 2025 रोजी अहमदाबादेत कोसळलेल्या एअर इंडियाच्या विमानात दोन वैमानिकांबरोबर केबिनमधील दहा कर्मचारीही मृत्यू पावले. जाहिरातीत मात्र या पेशाचे चित्र हास्य, गणवेष आणि परदेशातील हॉटेल एवढेच असते.

‘नोकरीतील समाधान’ हा शब्द अलीकडे व्यवस्थापनशास्त्राने फार लोकप्रिय केला आहे. अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. अॅडम स्मिथने 1776 साली असे मांडले की, जे काम त्रासाचे वा अप्रतिष्ठेचे, त्याला मजुरी अधिक मिळते. जे काम सुखाचे वा मानाचे, त्याला कमी पुरते, कारण मान हाच मोबदल्याचा भाग होतो. जॉन स्टुअर्ट मिलने 1848 साली त्याला उत्तर दिले की, प्रत्यक्षात सर्वांत कष्टाच्या व किळसवाण्या कामांनाच बहुधा सर्वांत कमी मजुरी मिळते, कारण ती करणाऱ्यांपुढे दुसरा पर्यायच नसतो. हवाई सेवेतील नोकरीत या दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे ठरते. झगमगाट दाखवून मोबदल्याचा काही भाग ‘समाधाना’त वळता केला जातो, हा स्मिथचा भाग. आणि एका जागेसाठी दारात शेकडो उमेदवार उभे असल्याने आत असलेल्यास बोलण्याची सोय राहत नाही, हा मिलचा भाग.

1983 साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी विमान कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. गिरणी कामगार आपले हात विकतो. विमानातील कर्मचाऱ्याला हातांबरोबर हसूही विकावे लागते. उद्धट प्रवाशासमोर राग गिळणे, स्वतः घाबरलेले असताना दुसऱ्यास धीर देणे, चौदा तासांच्या थकव्यानंतरही चेहरा प्रसन्न ठेवणे, हे सारे श्रमच होत. सी. पी. आर. रुग्णालयातील परिचारिका आणि एस. टी.तील महिला वाहक यांनाही हा अनुभव नवा नाही. पण वेतनाच्या पावतीवर या श्रमाचा रकाना कुठेही नसतो.

रकाना नसलेले आणखीही काही असते. या पेशात पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर ठरतो, आणि तास मोजले जातात ते विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा थांबेपर्यंत. त्याआधीची हजेरी, सूचना, विमानाची तपासणी, प्रवाशांना बसवणे, उशीर झाल्यास संतप्त लोकांना सांभाळणे, हा वेळ जगातील अनेक कंपन्यांत पूर्ण मजुरीचा धरला जात नाही. ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांनी मुख्यतः याच मुद्द्यावर संप केला. सरकारने कामावर परतण्याचा आदेश काढण्याची पावले उचलली, तरी ते लगेच परतले नाहीत, आणि अखेरीस कंपनीला तडजोड करावी लागली. उसाच्या गाडीला कारखान्याच्या काट्यावर ताटकळत ठेवले, तर त्या खोळंब्याची भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्याला कळतो. विमानतळावरचा प्रश्न त्याहून निराळा नाही.

आता जीवनशैलीचा विचार करू. मुंबईत अंधेरी-मरोळच्या परिसरात तिघीचौघींनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, पहाटे तीनला दारात येणारी गाडी, आज उष्ण देशात तर उद्या थंड देशात, जेवणाला वेळ नाही, झोपेला रात्र नाही, असे हे जीवन आहे. नवरात्रात अंबाबाईचे दर्शन, जोतिबाची यात्रा, घरचे लग्नकार्य, या सर्वांना वेळापत्रकाची परवानगी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली रात्रपाळीच्या कामास ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात घातले. उंचीवरील किरणोत्सर्गामुळे विमान कर्मचारी हे व्यवसायजन्य किरणोत्सर्गास सामोरे जाणारे कामगार मानले जातात. तरीही मुली या कामावर प्रेम करतात, आणि ते खोटे प्रेम नव्हे. स्वतःच्या नावावर पगार, जग पाहण्याची संधी, आईवडिलांना पहिल्यांदा विमानात बसवण्याचा आनंद, संकटात शेकडो माणसांची जबाबदारी पेलण्याचा आत्मविश्वास, ही समाधानाची खरीखुरी कारणे आहेत. रात्री उशिरा घरी येणाऱ्या मुलीकडे संशयाने पाहणारा समाज हा मालकाइतकाच तिच्या वाटेतील अडथळा असतो, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

परंतु समाधानाची किंमत कोण ठरवतो? येथे एअर इंडियाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे. 1953 साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. समाजवाद्यांना अभिमान वाटावा अशीच ती घटना होती. पण त्याच सार्वजनिक महामंडळाच्या सेवानियमांत अशी तरतूद होती की, हवाई सुंदरीने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, पहिल्यांदा गर्भवती राहिल्यास, किंवा वयाची 35 वर्षे पूर्ण झाल्यास तिची सेवा संपावी. पुढे मुदतवाढ द्यायची की नाही, हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर होते. त्याच विमानात तेच काम करणारा पुरुष कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होत असे. ज्या राज्यसंस्थेने कारखाना कायद्यान्वये स्त्री कामगारास रात्रपाळी मना केली, तीच राज्यसंस्था हवाई सुंदरीला रात्री समुद्रापार पाठवत होती. म्हणजे चिंता स्त्रीच्या प्रकृतीची नव्हती. प्रवाशाच्या नजरेची होती.

नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 1981 रोजी निकाल दिला. गर्भारपणामुळे सेवा संपवणारी तरतूद आणि संचालकाचा अनिर्बंध अधिकार न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. हा मोठा विजय होता. परंतु चार वर्षांची विवाहबंदी न्यायालयाने योग्य मानली, तिच्या समर्थनार्थ कुटुंबनियोजनाचाही दाखला दिला, आणि पुरुष व स्त्री कर्मचारी हे दोन भिन्न संवर्ग असल्याने भेदभावाचा प्रश्न उद्भवत नाही असे म्हटले. आधी दोन वेगळे संवर्ग करायचे आणि मग वेगळे आहेत म्हणून वेगळी वागणूक द्यायची, या तर्काची ओळख जातिव्यवस्थेतून आलेल्या समाजाला निराळी करून देण्याची गरज नाही. याच न्यायालयाने दोनच वर्षांपूर्वी, 1979 साली, सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात परराष्ट्र सेवेतील स्त्रियांवरील विवाहविषयक बंधनांवर कठोर टीका केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे पेशाची प्रतिष्ठा न्यायाच्या तराजूवरही कशी परिणाम करते ते दिसते.

पुढचा इतिहास कार्यकर्त्यांनी अधिक बारकाईने वाचावा असा आहे. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना 50 व्या वर्षी उड्डाणातून थांबवण्याचा नियम उचलून धरला. त्या खटल्यात स्त्रियांच्या बाजूने लागलेल्या निकालाविरुद्ध अपील करणाऱ्यांत कर्मचाऱ्यांचीच एक संघटना होती. त्यानंतर सरकारी निर्देशाने स्त्रियांना 58 वर्षांपर्यंत उड्डाणाची मुभा मिळाली. 2005 साली विमानातील पर्यवेक्षकाचे पद स्त्रियांना खुले झाले, तेव्हा त्यास आव्हान देणारे पुरुष सहकारीच होते. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. राष्ट्रीयीकरणाने समता आपोआप आली नाही, आणि संघटनेनेही ती आपोआप आली नाही. संघटनेच्या आत समतेचा लढा दिला नाही, तर मालकाचे काम कामगारच करतो.

दरम्यान क्षेत्रच बदलले. ऑक्टोबर 2008 मध्ये जेट एअरवेजने शेकडो तरुण कर्मचाऱ्यांना एका दिवसात काढले. ती मुले गणवेषातच रस्त्यावर उतरली आणि राज ठाकरे यांच्याकडे गेली. महाराष्ट्रातून विमाने उडू देणार नाही असा इशारा मिळाला, आणि दुसऱ्याच दिवशी, त्यांचे अश्रू पाहवले नाहीत असे सांगून, अध्यक्षांनी सर्वांना परत घेतले. मुलांची नोकरी टिकली हे चांगलेच झाले. पण जी नोकरी एकाच्या धाकाने आणि दुसऱ्याच्या दयेने टिकते, ती हक्काची नसते. तीच कंपनी 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडली, तेव्हा अश्रू पाहायला कोणी उरले नव्हते. 2012 साली किंगफिशरचे कर्मचारी तर थकलेल्या पगारासह घरी बसले होते.

27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. या खाजगीकरणाचा एक परिणाम वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फारसा आला नाही. 16 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, कंपनी आता शासनाचे अंग नसल्याने तिच्याविरुद्ध मूलभूत हक्कांसाठी रिट अर्ज चालणार नाही. ज्या दाराने नर्गेश मिर्झा न्यायालयात शिरल्या, ते दार आता बंद आहे. उरला तो कामगार कायदा. त्याच महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसच्या दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी आजारपणाची रजा टाकली, उड्डाणे रद्द झाली, 25 जणांना बडतर्फ करण्यात आले, आणि 9 मे रोजी कामगार आयुक्तांपुढील वाटाघाटीनंतर त्यांना परत घेण्यात आले. तेथे संघटना होती, म्हणून वाटाघाट झाली. परंतु 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजाही संप मानली जाते, आणि संपास आगाऊ नोटीस लागते. लढ्याची वाट अधिक अरुंद झाली आहे.

मातृत्वाचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. गर्भवती कर्मचाऱ्याला आता काढता येत नाही. 2017 पासून 26 आठवड्यांची सवेतन रजाही मिळते. पण गर्भारपणात उड्डाण थांबते, आणि उड्डाण थांबले की उड्डाणभत्ता थांबतो. रजेतील मोबदला मात्र रजेपूर्वीच्या तीन महिन्यांच्या सरासरी वेतनावर काढला जातो. ज्या महिन्यांत प्राप्ती आधीच घटली, त्यांचीच सरासरी काढली तर हक्क कागदावर पूर्ण आणि हातात अर्धा राहतो. उड्डाण थांबण्यापूर्वीच्या महिन्यांची सरासरी धरावी, ही मागणी साधी आहे आणि न्याय्यही आहे.

मग कळंब्यातील कार्यकर्त्याने काय करावे? याच कळंबा रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे माफक शुल्कात शिकलेल्या मुलास एक हुन्नर आणि सरकारमान्य प्रमाणपत्र मिळते. हवाई सेवेचे स्वप्न विकणाऱ्या खाजगी वर्गांचे तसे नसते. निवडलेल्या उमेदवारांना सुरक्षेचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण विमान कंपनीच देते. बाहेरच्या वर्गाची पदविका ही त्यासाठीची अट नव्हे. म्हणून कर्ज काढून वा शेतीचा तुकडा गहाण टाकून फी भरण्यापूर्वी आईवडिलांनी चार प्रश्न विचारावेत. नोकरी कायम की ठरावीक मुदतीची? मूळ वेतन किती आणि उड्डाणभत्ता किती? मध्येच सोडल्यास भरपाईचा करार आहे काय? आणि कामगारांची संघटना आहे काय? हे चार प्रश्न घरोघरी पोचवणे हे एका सभेहून अधिक उपयोगाचे काम आहे.

मुलीने विमानात जावे की न जावे, हा निर्णय तिचा. ती जाईल तेव्हा हजेरीच्या क्षणापासून मजुरी मोजली जावी, आई झाल्याने तिची कमाई घटू नये, आणि तिच्या पुरुष सहकाऱ्याने तिच्या हक्काविरुद्ध न्यायालयात जाण्याऐवजी तिच्या शेजारी उभे राहावे, एवढे पाहणे हे चळवळीचे कर्तव्य होय.